अंकल म्हणालास ना?

आधीच माफी मागतो. मी लेखक नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि शिकलो ते पब्लिक हेल्थ. शिवाय ज्यांच्याबद्दल लिहितोय ते ना माझ्या देशाचे, ना भाषेचे. त्यांच्याबद्दल त्यांच्याच माणसांनी लिहावं, हे मलाही कळतं. पण मराठीत त्यांच्यावर दुसरं कोण लिहिणार, म्हणून धीर करतोय. त्यांचं नाव मात्र लिहिणार नाही.

"अंकल म्हणालास ना? मग लाकडं उचल."

हे त्यांचं माझ्याशी पहिलं बोलणं. साल २००५. मी ओक्लाहोमात शिकत होतो आणि इंटर्नशिपसाठी गावाबाहेरच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात जायचो. केंद्र तिथल्या मूळ रहिवाशांचं, ज्यांना अमेरिकेत अजूनही सर्रास इंडियन म्हणतात. मागच्या अंगणात आगीपाशी साठीतला एक माणूस फावडं घेऊन उभा होता. पांढरी वेणी, डोक्यावर मळकी बेसबॉल कॅप. आपण देशी मुलं कुठल्याही वडीलधाऱ्याला अंकल म्हणतो, तसं मीही म्हणून गेलो. आजूबाजूचे वळून माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं, काहीतरी चुकलं.

चुकलं नव्हतं. त्यांच्यातही मोठ्यांना अंकलच म्हणतात. फक्त तिथे ते नुसतं म्हणून सुटका होत नाही. पुतण्याने राबायचं आणि अंकलने त्याला रागवायचं, हे त्यात येतंच. मी लाकडं उचलली.

"कुठला इंडियन तू?"

"इंडियाचा."

"अरे! म्हणजे कोलंबस तुम्हालाच शोधत होता. पत्ता नीट द्यायचा ना त्याला!"

तुमच्या भाषेत अंकलला काय म्हणतात, असं त्यांनी विचारलं. काका, मी म्हणालो. "हे तर कावळा बोलतो," म्हणून ते खूप हसले. तेव्हापासून, "कावळा म्हणतोय, लाकडं उचल."

अंगणात एक बुटकी झोपडी होती. वाकवलेल्या फांद्यांची, वरून जाड कांबळी घातलेली. बाहेरच्या आगीत दगड लाल करायचे, आत नेऊन त्यांच्यावर पाणी टाकायचं, आणि काळोखात वाफेत बसून प्रार्थना करायची. स्वेट लॉज म्हणतात तिला. केंद्रातल्या वर्गात खुर्च्यांवर तोंड न उघडणारी माणसं त्या झोपडीतून बाहेर आली की बोलायची, रडायची, एकमेकांना शिव्या देऊन हसायची. आग सांभाळायचं काम अंकलचं. ते स्वतः याच केंद्रात दारू सोडायला आले होते आणि आगीसाठी तिथेच नोकरीला राहिले होते.

मी एकदा भीत भीत विचारलं, "परत प्यावीशी वाटत नाही?"

"रोज वाटते. पण फावड्याला दोन हात लागतात. बाटली कशाने धरू?"

माझे धाकटे काका दारूनेच गेले, असं मी सांगितलं. नावही सांगितलं. अंकलनी हात वर करून मला थांबवलं. गेलेल्या माणसाचं नाव त्यांच्यात घेत नाहीत. आपल्याला हाक मारली असं त्याला वाटतं आणि तो वाटेतच थांबून मागे बघत राहतो. स्वतःच्या भावाला ते 'डब्यातले पीच आवडायचे तो' असं म्हणत. "तुझ्या काकाला काय आवडायचं?" मी म्हणालो, कुस्ती. "मग 'कुस्तीवाला' म्हण. त्याला चालू दे पुढे."

त्या हिवाळ्यात पाऊस पडलाच नाही. गवताला आगी लागायला लागल्या आणि कौंटीने, म्हणजे तिथल्या जिल्ह्याने, उघड्यावर काही पेटवायला बंदी केली. अंकलनी ते मुकाट्याने मान्य केलं. वसंतात पाऊस आला, बंदी उठली. पण तोवर इन्शुरन्सवाले येऊन अंगण बघून गेले होते. आग पेटणार असेल तर विमा नाही, म्हणाले.

आमच्या डायरेक्टरबाई वाईट नव्हत्या. त्यांनी खटपट करून विजेवर चालणारा सॉना, म्हणजे घाम काढायची तयार लाकडी खोली, आणला आणि कपडे धुण्याच्या जुन्या खोलीत बसवला. भिंतीवर गरुडाचं चित्र लावलं, बासरीची सीडी ठेवली. "हीट इज हीट," असं त्या मीटिंगमध्ये म्हणाल्या. मी घाबरत हात वर केला आणि हे तेच नाही, असं म्हणालो. त्या म्हणाल्या, "तुझा मुद्दा आपण नोंदवून ठेवू."

अंकल एकदाच त्या सॉनात गेले, जीन्स आणि टोपीसकट. बाहेर येऊन म्हणाले, "ओव्हनमधल्या बटाट्याला कसं वाटत असेल ते कळलं." सगळे हसले. मीही हसलो. तुम्हीही हसला असता.

नंतर काही आठवडे ते अंगणात गार दगड एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन ठेवत. दुसऱ्या दिवशी परत आणत. मी म्हणायचो, "अंकल, लाकडं उचलू?" "कशाला?" एवढंच ते म्हणायचे. मग एका सोमवारी ते आले नाहीत. आले तेव्हा दारातूनच वास आला. कामावरच्या माणसाने प्यायली तर नोकरी जाते, आणि काम केलेल्याला तिथे रुग्ण म्हणून जागा मिळत नाही, असे दोन्ही नियम होते. डायरेक्टरबाई रडल्या. नियम पाळला. अंकल फावडं भिंतीला टेकवून बहिणीकडे निघून गेले.

मी डिग्री घेऊन टेक्सासला, अर्विंगला आलो. इथल्या देशी वस्तीत सगळ्यांनाच अंकल म्हणतात, आणि लाकडं उचल असं कोणी सांगत नाही. अंकलच्या बहिणीकडे फोन नव्हता. मी अधूनमधून केंद्रात फोन करून विचारायचो. कोणाला काही माहीत नसायचं.

मागच्या महिन्यात रिसेप्शनवर नवीन मुलगी होती. ती म्हणाली, "ओह, तुम्हाला कळलं नाही? ते गेले. थंडीतच. लिव्हर." मग मला बरं वाटावं म्हणून म्हणाली, "पण आम्ही त्यांना विसरलो नाही हं. सॉनाच्या खोलीला त्यांचं नाव दिलंय. पितळी पाटी लावलीय दारावर, रोज सकाळी सगळे मिळून वाचतात. थांबा, वाचून दाखवते."

मी नको नको म्हणत होतो. तिने पूर्ण नाव वाचलं, मोठ्याने.