दिवाळीपर्यंतच्या खुणा

आईचा आजार वाढला, तेव्हा मी कोरेगाव भीमाच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर चार्ट काढायचे. एकदा आईच्या दर आठवड्याच्या वजनाचाच चार्ट काढला. रेघ कड्यावरून कोसळल्यासारखी दिसली. डोक्यात तिडीकच गेली. उभ्या अक्षावरचे आकडे कॉम्प्युटरनं आपल्या मनानं पस्तिसापासून धरले होते. मी ते शून्यापासून केले. रेघ जवळजवळ सपाट झाली. आडव्या अक्षावर दिवाळीपर्यंतच्या आठवड्यांच्या खुणा घातल्या आणि कागद छापून केंदूरला घरी नेला.

सपाट रेघ मी आईला हौसेनं दाखवली. तिकडं तिनं पाहिलंच नाही. रेघ संपते तिथून पुढच्या रिकाम्या खुणांवरून बोट फिरवत ती म्हणाली, "येवढा कागद कशापायी वाया घालवलास गं?"