साखरपुड्याची ट्रॉली

माझी ट्रॉली सरळ चालत नाही, हे निफाडच्या रस्त्यावर मला सोडून सगळ्यांना दिसत होतं. मला दिसायचं काही कारण नव्हतं, कारण ती माझ्या मागे होती. (आरशात फक्त पातेली दिसत होती.)

ट्रॉली म्हणजे दोन चाकांची, जीपच्या मागे हुकाला अडकवायची. नाशिक रोडच्या एका शाळेतून विज्ञान शिक्षक म्हणून निवृत्त झालो आणि रिकामे हात स्वस्थ बसेनात, तेव्हा मीच ती आलेखाच्या कागदावर काढली आणि अंबडच्या एका वेल्डरकडून बनवून घेतली. कशासाठी, असं सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, विचारलं होतं. मी म्हणालो, लागते. सहा महिने ती कशालाच लागली नाही. मग मेव्हण्याच्या मुलीचा साखरपुडा ठरला. लासलगावच्या अलीकडे त्यांचा मळा आहे, तिथेच करायचा होता. पाहुणे वाढत चालले तसा मेव्हणा, प्रकाश, फोनवर भांड्यांची काळजी करू लागला. मी लगेच सांगून टाकलं, की कॉलनीच्या गणपती मंडळाची भांडी माझ्याच ताब्यात असतात, शेगड्यांसकट घेऊन येतो, तू निश्चिंत राहा. तो खरोखरच निश्चिंत राहिला आणि त्याने दुसरी कुठलीही सोय केली नाही.

कार्यक्रम साडेबाराचा, आचारी आठला येणार. आम्ही सकाळी सहाला निघालो. मी, सुनंदा आणि मागच्या सीटवर मांडीवर पिशवी धरून सासूबाई. त्या आठ दिवसांपासून आमच्याकडेच होत्या. सामान मी पद्धतशीर लावलं होतं. आचाऱ्याला आधी शेगड्या लागणार, म्हणून बिडाच्या तिन्ही शेगड्या आणि तांदूळ-साखरेची पोती अगदी शेवटी, मागच्या फाळक्याला टेकून. रिकामी पातेली सगळी पुढे. उतरवायला किती सोपं जाईल, हे मी सुनंदाला दोनदा समजावून सांगितलं. तिने एकदाही कौतुक केलं नाही.

जेलरोड संपेपर्यंत ठीक होतं. नांदूर नाका सोडून वेग चाळिसावर गेला आणि मागून कोणीतरी जीपला गदागदा हलवायला लागलं. स्टिअरिंग हातात राहीना. वेग कमी केला की शांत, वाढवला की पुन्हा तेच. कांद्याने शिगोशीग भरलेले ट्रॅक्टर मला मागे टाकून लासलगावकडे चालले होते. त्यांतला एक चालक शेजारून जाताना वाकून म्हणाला, "सर, ट्रॉली लय नाचती तुमची." (मी सर आहे हे त्याला कसं कळलं, कोण जाणे. बहुधा ट्रॉली बघूनच.)

पहिल्या पंक्चरवाल्याकडे थांबलो. त्याने चाकांवर लाथ मारून बघितली, एकात हवा कमी असल्याचं सांगितलं आणि दोन्ही टणक करून दिली. तेवढ्यात सासूबाईंनी काच खाली केली.

"जावईबापू, एक विचारू का?"

"आई, पाच मिनिटं. आधी हवा बघू द्या," मी म्हणालो.

हवा भरल्यावर ट्रॉली जास्तच नाचायला लागली. चांदोरीला एक गॅरेज उघडलेलं दिसलं. मेकॅनिकने चाकाच्या मध्यभागी हात लावला, गरम लागलं म्हणाला आणि बेअरिंगवर खापर फोडलं. जॅक लावा, चाकं काढा, ग्रीस भरा, चाकं बसवा, यात पाऊण तास गेला. मी मदत केली, म्हणजे कोपरापर्यंत ग्रीस माखून घेतलं. या वेळात प्रकाशचे तीन फोन आले. पहिल्यात आचारी आल्याचं कळलं. दुसऱ्यात आचारी नुसता बसून आहे असं कळलं. तिसऱ्यात प्रकाश फोन आचाऱ्याकडेच देऊन मोकळा झाला. प्रत्येकाला मी वीस मिनिटांत पोहोचतो असं सांगितलं.

ग्रीसनेही फरक पडला नाही, तेव्हा मी विचार केला. सायकल हळू चालवली की डगमगते आणि वेगात सरळ जाते. मग ट्रॉली का जाणार नाही? मी पाय दाबला. पन्नासच्या पुढे काटा गेला आणि ट्रॉलीने जीपचा ताबा घेतला. आम्ही रस्त्याच्या या कडेवरून त्या कडेला, तिथून परत या कडेला. सुनंदाने दोन्ही हात समोर टेकवले. मागे भांड्यांचा कडकडाट झाला, एक भलंमोठं झाकण उडालं, रस्त्याकडेच्या रसवंतीत शिरलं आणि गिऱ्हाईक बसल्यासारखं बाकाला टेकून उभं राहिलं. जीप कशीबशी मातीत उतरून थांबली.

खोटं कशाला सांगू, समोरून एखादा ट्रक येत असता, तर ही आठवण सांगायला मी उरलो नसतो. सुनंदा उतरून झाकण आणायला रसवंतीकडे निघाली. ती बोलली असती तर बरं वाटलं असतं.

बोलल्या त्या सासूबाई. त्या स्वतःच खाली उतरल्या, पदर खोचला आणि ट्रॉली सोडा म्हणाल्या. मी हुकाची पिन उपसली मात्र, ट्रॉलीचा दांडा सप्पकन माझ्या नाकासमोरून वर गेला. ट्रॉली मागच्या मागे बसली आणि सगळी भांडी घरंगळत फाळक्याशी जमा झाली.

"गाडी उलाळ झालीय," सासूबाई म्हणाल्या. "मागं वजन झालं का बैलाच्या मानेवर जू टिकत नाय. मग मागचं शेपूट गाडीला हलवतं. पुढं थोडं ओझं लागतं, जावईबापू."

लग्नानंतर वीस-बावीस वर्षं त्यांनी मळ्यातला कांदा बैलगाडीने लासलगावला नेला होता. हे मला माहीत होतं. विचारायचं मात्र सुचलं नव्हतं. आधी का नाही सांगितलं, असं मी जरा चिडूनच विचारलं.

"विचारत होते ना. तुम्ही म्हणलात, हवा बघू द्या."

रसवंतीवाला मदतीला आला. दोन शेगड्या आम्ही वरून उचलून पुढे घेतल्या. पण घसरताना मोठी कढई ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंच्या पत्र्यांमध्ये अशी रुतून बसली होती, की तिच्यामागची तिसरी शेगडी आणि पोती हलेनात. सासूबाईंनी दांडा हाताने उचलून बघितला आणि अजून हलका आहे म्हणाल्या. पुढे ठेवायला आणखी काही आहे का, म्हणून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. (माझं वजन मी इथे देत नाही. त्यांनी ते नजरेनेच तोललं.)

"गाडीवान पुढं सरकून बसायचा," त्या शांतपणे म्हणाल्या.

मी बसलो. त्यांनी दांडा पुन्हा उचलून बघितला आणि समाधानाने मान हलवली. सुनंदाने माहेरी ट्रॅक्टर चालवलेला असल्यामुळे स्टिअरिंग तिच्याकडे गेलं. उरलेला रस्ता मी उपड्या पातेल्यावर, दोन शेगड्यांच्या मध्ये, झाकण पोटाशी धरून केला. ट्रॉली रेषेत चालली होती. हळू चाललो होतो, त्यामुळे मला बघायला सगळ्यांना भरपूर वेळ मिळत होता.

मळ्यात पोहोचलो तेव्हा साडेनऊ होऊन गेले होते. नवऱ्या मुलाचे काका व्यवस्था बघायला लवकर आले होते. ग्रीस आणि काजळीने माखलेला मी पातेल्यांतून उतरतोय तोच ते समोर आले. "महाराज, उशीर केलात," ते म्हणाले. "भाजी जरा बेतानं तिखट करा. आमच्या आईला सोसत नाही." खुलासा करायला वेळच नव्हता. आचाऱ्याने माझ्या हातात सुरी दिली आणि मी मुकाट्याने बटाटे सोलायला बसलो.

जेवणं अर्धाच तास उशिरा झाली. साखरपुडा थाटात पार पडला. मुलगी आनंदात होती आणि प्रकाश माझ्याशी हळूहळू बोलायला लागला होता. निघताना त्याने काकांशी ओळख करून दिली, की हे आमचे दाजी, शाळेत सर होते. काकांनी डोळे मोठे केले आणि माझा हात दोन्ही हातांत धरला.

"सर असून काय भाजी करता हो तुम्ही," ते म्हणाले.

सर, काय शिकवता हो तुम्ही, असं मला सबंध नोकरीत कोणी म्हणालं नव्हतं. त्यामुळे मी नम्रपणे मान झुकवली आणि भाजी माझ्या नावावर राहू दिली.