रॅमची रिकामी खाच

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते जळगावच्या बस स्टँडमागच्या कॉम्प्युटर दुकानातल्या नानांचे. सगळेच त्यांना नाना म्हणत. खरं नाव मला आजही ठाऊक नाही.

एरंडोलजवळच्या गावातून, घरातला पहिला ग्रॅज्युएट होऊ घातलेला मी, सुट्या भागांची यादी घेऊन गेलो होतो. पैसे एकाच कॉम्प्युटरपुरते होते. निवड चुकली असती तर पुन्हा जमलं नसतं. कशाला हवाय असं नानांनी विचारल्यावर मी घरी सांगितलेलंच उत्तर दिलं, "अभ्यासाला."

नाना हसले. "अभ्यासले इतलं मोठं ग्राफिक्स कार्ड? खेळाना शे ना? मंग लाजस कसाले?"

मग विचारलं, "तुना गावले लाइट कशी ऱ्हास?"

"येते-जाते."

त्यांनी यादीतले रंगीत दिव्यांचे पंखे खोडले, कार्ड लहान केलं आणि दणकट पॉवर सप्लाय लिहिला. प्रत्येक भाग उचलण्याआधी ते पत्र्याच्या कॅबिनेटला हात लावत. मला तो नमस्कार वाटला. पण भाग जळू नये म्हणून अंगातली स्थिर वीज उतरवायची ती रीत होती. रॅमची एकच पट्टी बसवून शेजारच्या खाचेवर बोट ठेवत म्हणाले, "हाई जागा खाली राहू दे. पहिला पगार व्हयना का भर."

त्याच कॉम्प्युटरवर खेळता खेळता मी गेम बनवायला शिकलो. परवा दुकानाच्या पत्त्यावर पत्र टाकलं:

"नाना, सा. न. धुळ्यात गेम बनवायच्या कामाला लागलो. पहिला पगार झाला, खाच भरली. आणि कॉम्प्युटर कशाला घेतला होता, ते घरी खरं सांगून टाकलं."