मुन्शीच्या परीक्षेचा लखोटा

माझी शाळा तिसरीत सुटली. कुणी काढलं नाही, की मास्तरांच्या माराला भिऊन मी पळालो नाही. दिवाळी झाली की आमची मेंढरं गोदावरीच्या अंगानं चरायला निघायची, आणि शाळा काही मेंढरांमागं चालत यायची नाही. पालीजवळच्या वस्तीवर परतेपर्यंत बरोबरीची पोरं पुढच्या पुस्तकात गेलेली असायची. दोन वर्षं असंच झालं. तिसऱ्या वर्षी मी शाळेकडं फिरकलोच नाही.

विशी उलटल्यावर आंबेजोगाईच्या कचेरीत पाणी भरायला लागलो. कागदोपत्री गावाचं नाव मोमिनाबाद. घरापासून बैलगाडीनं तीन दिवसांची वाट, त्यामुळं आईची गाठ वर्षाकाठी एकदा. कचेरीत जे काही लिहायचं ते उर्दूत. मला तर धड मराठी येईना. कचेरीतल्या पेशकारांनी, म्हणजे साहेबापुढं कागद मांडणाऱ्या म्हाताऱ्या कारकुनांनी, एकदा मला रद्दी कागदावर अक्षरं गिरवताना पाहिलं. मला वाटलं, चाकरी गेली.

"उलटा धरलास की बे कागद," ते म्हणाले. "उद्या सकाळी घरी ये. पानी भरायच्या आदी."

ते ब्राह्मण, मी मेंढक्याचा पोर. त्यांच्या ओसरीवर मी सात वर्षं बसलो. आधी उर्दू, मग फारसी. हात वळला तसा मी पाण्याच्या घागरीवरून नकला उतरवण्याच्या कामावर आलो. पण ते हंगामी. कुठलीतरी परीक्षा पास असल्याशिवाय कायम करता येत नाही, असं साहेबांनी सांगितलं. तीस ओलांडलेल्याला तर मुळीच नाही. मला तिसावं लागलं होतं.

हैदराबादेत उर्दूचं नवं विद्यापीठ झालं होतं, पण तिथं जायला मॅट्रिक हवी. मॅट्रिकला शाळा हवी. मिशा आलेल्या माणसाला शाळेत कोण घेणार? पेशकारांनी तिसरी वाट शोधून काढली. उत्तरेकडच्या एका विद्यापीठाची फारसीची मुन्शी परीक्षा, कुणालाही घरबसल्या अभ्यास करून देता यायची. तिच्यामागून नुसतं इंग्रजी दिलं की मॅट्रिक, आणि तसंच पुढं सरकत बी.ए.सुद्धा.

पुण्याच्या कॉलेजात शिकून आलेले एक वकील ओसरीवर पान खायला यायचे. ते हसले. "पेशकारसाहेब, कॉलेजात चार वर्षं न बसता कसलं शिक्षण? टपालानं आलेली विद्या ती!"

"वकीलसाहेब, तुमी चार वर्षं बसलात खरं. पन ह्यानं सात वर्षं बसून जी फारसी गुलिस्ताँ वाचली, तिच्यातली एक ओळ म्हनून दाखवा."

वकिलांनी पान तोंडात कोंबलं. मी मात्र मनात म्हणालो, वकील अगदीच खोटं बोलत नाहीत. कॉलेजातल्या पोराला सोबती असतात, अडलं तर विचारायला शेजारचा बाक असतो. मला एक म्हातारा होता. तो नसता तर काय होतं?

अर्ज पेशकारांनीच लिहिला. असं अक्षर मी पुन्हा पाहिलं नाही. लाख लावून लखोटा बंद केला, तिकीट चिकटवलं आणि "माज्या हातानं टाकतो" म्हणत कचेरीसमोरच्या पेटीत टाकला. मी शेजारीच उभा होतो.

दोन महिन्यांनी गावालगतच्या फौजेच्या छावणीतल्या इंग्रजी टपालाच्या कारकुनानं मला बोलावलं. लखोटा परत आला होता, शिक्क्यांनी काळा झालेला.

"हे कावून लावलं बे?" त्यानं तिकिटावर बोट ठेवलं. "हे आपल्या हैदराबाद सरकारचं तिकीट. राज्याच्या हद्दीबाहेर ह्याला कोन इचारतंय? तिकडं इंग्रजी तिकीट लागतं. त्यांनी दंड भरून घेतला न्हाई, धाडला मागारी."

पेशकारांची पत्रं उभ्या जन्मात बीड, औरंगाबाद, हैदराबाद, याच्या पलीकडं गेलीच नव्हती. अर्जाची मुदत संपली होती.

"माजीच चूक," मी कारकुनाला म्हणालो.

पेशकार रोज विचारायचे, "आला का रे जवाब?" तिसऱ्या दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं, "आला." मग मागं फिरता येईना. त्यांनीच साहेबांकडून मला रजा मिळवून दिली, वाटेला दशम्या बांधून दिल्या. परीक्षेचं केंद्र हैदराबादेत होतं; मी तिकडं जायचं सोडून पालीला गेलो.

आई म्हणाली, "अवचित कावून आलास?"

"सुट्टी हाय."

दहा दिवस मेंढरं राखली.

निकालाच्या सुमाराला मी ओसरीवर जाऊन सांगितलं की नापास झालो. इतकंच सांगायचं ठरवलं होतं. पुढचा प्रश्न येईल हे डोक्यात आलंच नव्हतं.

"कशात गेलास?"

"व्याकरणात," मी म्हणालो. ते त्यांनी सगळ्यात जीव लावून शिकवलं होतं.

त्यांनी पुढ्यातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "हं."

पुढच्याच महिन्यात घाटनांदूरचे एक शाळामास्तर त्यांच्याकडं आले. पोराबाळांचा माणूस, त्यांनाही मुन्शीला बसायचं होतं. मी तिथंच नक्कल उतरवत होतो.

"माज्याच्यानं न्हाई व्हायचं आता," पेशकार म्हणाले. "माजी फारसी जुनी झाली. ह्या बिचाऱ्याचं साल गेलं माज्यापायी."

खरं बोलायची तीच वेळ होती. लखोटा माझ्या पेटीत होता. पण तो दाखवला तर माझी चाकरी त्यांनी लावलेल्या तिकिटापायी गेली हे त्यांना कळलं असतं. मी लिहीत राहिलो. मास्तर चपला घालून निघून गेले. त्यानंतर त्या ओसरीवर कुणी शिकायला आलं नाही.

तीस ओलांडल्यावर हंगामी कामही गेलं. हैदराबादेत एका छापखान्यात मुद्रितं तपासायला लागलो, अजून तेच करतो. तिथून मुन्शी दिली. पहिल्याच खेपेला पास झालो, व्याकरणात सगळ्यांत जास्त गुण. पुढं मॅट्रिकही झालो. सरकारी चाकरीला त्याचा उपयोग नव्हता, पण छापखान्यात आता मला कुणी अरेतुरे करत नाही.

मुन्शीचा कागद घेऊन आंबेजोगाईला गेलो. पेशकारांची नजर गेली होती. सुनेनं मला आत बसवलं. त्यांनी कागदावरून बोटं फिरवली. त्यावर माझ्या नावाखाली 'खाजगी उमेदवार' एवढंच होतं. कॉलेजवाल्याच्या कागदावर कॉलेजाचं नाव तरी असतं.

"ह्या खेपेला उस्ताद कोन केलास?" त्यांनी विचारलं.

"कुनी न्हाई. तुमीच शिकवलेलं."

"मला बरं वाटावं म्हनून बोलतोस बे," ते हसून म्हणाले. "चांगला मिळाला असंल कुनीतरी. त्याला माजा सलाम सांग."

मी सांगतो म्हणालो.