नाव मोकळं आहे का?

कोणी नव्या कंपनीचं नाव सांगितलं, की बाबूजी आधी डोळे मिटायचे. मग उजव्या हाताची करंगळी कानात घालून दोनदा फिरवायचे आणि म्हणायचे, "हे तर कुठंतरी आयकलं आहे." सांगणाऱ्याचा चेहरा तिथंच उतरायचा. कारण त्यांनी ऐकलेलं नाव नक्की कोणाचं तरी निघायचं.

नागपूरला ज्या दप्तरात कंपन्यांची नोंद होते तिथे त्यांनी एकतीस वर्षं कारकुनी केली होती. पेन्शनीत निघाल्यावर ते सौंसरला आले, बायकोच्या माहेरच्या दोन खोल्यांत राहिले आणि मोटार स्टँडसमोर एका शिंप्याच्या ओट्यावर टेबल मांडून बसू लागले. कंपनी काढायची तर आधी ते नाव दुसऱ्या कोणाचं नाही ना, हे पाहावं लागतं. मग ते आपल्यासाठी राखून ठेवा असा अर्ज करावा लागतो. आमच्या भागात हे जाणणारे ते एकटेच. महिनाभर लोकांनी सांगितलेली नावं ते एका कागदावर उतरवून घेत. पेन्शनच्या दिवशी नागपूरची बस धरत, जुन्या सोबत्यांच्या टेबलावर बसून एकेक नाव पडताळत आणि संध्याकाळच्या बसने परत येत. फी अकरा रुपये, तीही नाव मिळाल्यावर. नाही मिळालं तर बसभाडंसुद्धा मागत नसत. "पेन्शनले जातोच ना मी," म्हणायचे.

कंपन्यांबद्दल ते नात्यातल्या माणसांसारखं बोलत. एखादी बंद पडलेली असली तर म्हणायचे, "ती वारली. पण तेरावं व्हायचं आहे." म्हणजे धंदा बुडाला, पण दप्तरातून नाव अजून खोडलेलं नाही. तोवर त्या नावाला दुसऱ्याने हात लावायचा नाही.

लोधीखेड्याचा एक मोटारवाला एकदा आला. त्याच्याकडे एकच बस. त्याला नाव हवं होतं 'अखिल भारतीय मोटर कंपनी'. बाबूजींनी करंगळी कानाकडे नेलीसुद्धा नाही. "भाऊ, तुमची मोटर रोज सकाळी चार माणसं ढकलतात तवा चालू होते. पहिले अखिल लोधीखेडा तरी फिरू द्या." मोटारवाला हसला, चहा पिऊन गेला. पुढे त्याने कंपनी काढलीच नाही, बसवर मुलीचं नाव रंगवलं. त्याला कंपनीची गरज नव्हती हे यांना पहिल्या मिनिटाला कळलं होतं. अशी अकरा रुपयांची कितीतरी गिऱ्हाइकं त्यांनी चहा पाजून परत पाठवली.

आम्ही मात्र खरं गिऱ्हाईक होतो. १९५६ साली आम्ही सात संत्रेवाल्यांनी मिळून कंपनी काढायचं ठरवलं होतं. तोवर आमचा माल नागपूरच्या दलालामार्फत कलकत्त्याला जायचा आणि पेटीवर नाव दलालाचं असायचं. माझी तीनशे बारा झाडं होती. आमच्यातल्या मोठ्या पाटलांची अकराशे. भांडवलातला निम्मा वाटा त्यांचा होता. ते नसते तर कंपनी उभीच राहिली नसती. आणि त्यांच्या भरवशावर मी त्या सालच्या मृग बहाराच्या मालासाठी दलालाला आधीच नाही म्हणून बसलो होतो.

चूक आम्ही केली ती आपल्याकडे कोणीही करील अशी. विहीर खोदायची असो की मुलीचं लग्न ठरवायचं असो, आधी जामसांवलीचा मारोती. तसे आम्ही साती जण गेलो. मोठ्या पाटलांनी 'बजरंग संत्रा कंपनी' अशी चिठ्ठी मारोतीच्या पायाशी ठेवली, नारळ फोडला, पेढे वाटले. मग परतताना सौंसरला उतरून आम्ही त्या ओट्यावर गेलो.

करंगळी कानात गेली. दोनदा फिरली.

"आयकलं आहे."

"जरा नीट आठवा ना बाबूजी," मी म्हणालो.

"नागपूरची आहे. फळांचाच धंदा. जिती आहे, चांगली धडधाकट." मग आमच्या हातातल्या पेढ्यांच्या पुड्याकडे बघून म्हणाले, "नारळ फोडून आले काय? अरे बाप्पा! पहिले नाव पाहा, मंग नारळ फोडा. काऊन घाई करता?"

तरी ते पुढच्या पेन्शनीला जाऊन पडताळून आले. नाव होतंच. मोठे पाटील म्हणाले, "देवापुढं ठेवलेलं नाव मी बदलत नाही." आणि महिनाभर कंपनीचं काम तिथंच अडून राहिलं.

नोव्हेंबरात राज्यं नव्याने आखली गेली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. संत्र्याची बाग तीच, रस्ता तोच, पण दप्तर वेगळं. मोठे पाटील त्या दिवसाइतके खूश मी कधी पाहिले नव्हते. त्यांनी बाबूजींना वाड्यावर बोलावलं, मलाही बोलावलं.

"आता झालं ना काम! नागपूर परमुलुख झालं. तिथलं बजरंग तिथं, आपलं बजरंग इथं. नव्या दप्तराले अर्ज लिहा."

बाबूजींनी दौत उघडली नाही. "पाटील, हद्द सरकली. ती कंपनी काही मेली नाही. तिची पेटी आन् आपली पेटी कलकत्त्याच्या एकाच फलाटावर उतरन. व्यापाऱ्यानं कोणाची समजावी?"

"नव्या दप्तरातल्या साहेबाले हे काय माहीत?"

"त्याले नाही माहीत. मले माहीत आहे."

"तुमाले अकरा रुपयांशी मतलब आहे का नाही?"

"आहे ना. घरी चार तोंडं आहेत."

"मंग लिहा!"

"नाही लिहत."

मोठे पाटील उठून उभे राहिले. माझ्याकडे बघून म्हणाले, "आयकलं ना भाऊ? मग मी निंगालो तुमच्या कंपनीतून. देवाले खोटं पाडून मले धंदा करायचा नाही." म्हणजे आता मला दलालाकडे परत तोंड घेऊन जायचं, आणि तेही तो सांगेल त्या भावात.

तेवढ्यात पाटलीणबाई चहाचे कप घेऊन आतल्या दारात आल्या. कप ठेवता ठेवता त्या आमच्याकडे न बघता बोलल्या, "मारोतीच्या आईचं नाव ठेवा ना मंग. आईच्या नावाले तो नाही म्हणन का?"

मोठे पाटील हळूच खाली बसले. बाबूजींनी डोळे मिटले. "अंजनी संत्रा कंपनी," ते पुटपुटले. करंगळी कानात गेली आणि दोनदा नाही, पाच-सहा वेळा फिरली. चहावर साय आली.

"नाही," शेवटी ते म्हणाले. "हे म्या कुठंच आयकलं नाही." आणि दौत उघडली.

अर्ज गेला. नवं दप्तर कुठल्या शहरात, कोणत्या इमारतीत, हेच तेव्हा पक्कं कळत नव्हतं. आमचा लिफाफा दोनदा पत्ता बदलून फिरला. नाव आमच्यासाठी राखून ठेवल्याचं पत्र आलं तेव्हा बहार तोडणीला पंधरा दिवस उरले होते. मी ते पत्र घेऊन धावत ओट्यावर गेलो, तर टेबलाच्या जागी शिंप्याने दुसरं मशीन मांडलं होतं. "बाबूजी पोराकडे गेले नागपूरले," तो म्हणाला. "म्हणे, पेन्शनसाठी दर महिन्याले परराज्यात जाणारा म्हातारा म्हणून लोक हासतीन."

नंतर मला ते पुन्हा दिसले नाहीत. नागपूरला जायचं, भेटायचं, हे मी तीन वर्षं ठरवत राहिलो. तुम्हीही असं ठरवलं असेल. मग एका बसच्या कंडक्टरने सांगितलं की ते गेले.

फी मात्र मी पत्र आलं त्याच आठवड्यात, शिंप्याकडून पत्ता घेऊन, मनिऑर्डरने पाठवली होती. ती परत आली आणि मागून एक पोस्टकार्ड आलं. 'नाव मोकळं आहे का, एवढंच मी पाहतो. नाव देत नाही. ज्यांनी दिलं त्यांना फी द्यावी व पावती घ्यावी.'

मी वाड्यावर गेलो, पाटलीणबाईंपुढे अकरा रुपये ठेवले आणि कार्ड वाचून दाखवलं. त्या पदर तोंडाला लावून हसल्या. "बोलायचे पैसे भेटतात का जी?"

मोठे पाटील खाटेवरून म्हणाले, "घे ना बाई. मी तर तीस वर्षांपासून फुकटच आयकून राहिलो."

पावती पाटलीणबाईंनी स्वतः लिहिली, एकेक अक्षर जोडून. ती मी अजून कंपनीच्या फायलीत ठेवली आहे. 'नावाबद्दल रुपये अकरा रोख पोचले. गयाबाई.' इतकी वर्षं त्या घरी माझं येणं-जाणं, पण त्यांचं नाव मला त्या दिवशी कळलं.