शेजारच्या सीटचा पट्टा

करमणूक उद्यानातल्या रोलर कोस्टरचा रंग यंदा पार उडाला होता. वळणावरच्या रुळांना गंज चढला होता. माझ्या बायकोने, सुमनने, तिथेच कुणालातरी गाठून तक्रार केली असती. आम्ही दरवर्षी यायचो आणि तिला पहिलाच डबा लागायचा. ती गेल्यानंतर मी प्रथमच आलो होतो.

पट्टे तपासणाऱ्या मुलीने विचारलं, "काका, एकटेच?"

मी मान हलवली. तिने शेजारच्या रिकाम्या सीटचाही पट्टा नीट लावला. म्हणाली, "सुटा राहिला की आपटत राहतो."

गाडी वर चढू लागली. रिकामी जागाही सांभाळावी लागते, हे घरी मला कुणी सांगितलं नव्हतं. उतारावर सगळे किंचाळले. त्या गोंगाटात मी पहिल्यांदा मोठ्याने रडून घेतलं.