मध्यंतरानंतरचं नाटक

आमच्या कंपनी बसचे ड्रायव्हरकाका थेरगाव सोडताच येत्या रविवारची नाटकं जाहीर करतात आणि गेल्या रविवारचं शेवटासकट सांगतात. परवा संगीत नाटकाला ते मला भेटले, पण मध्यंतरातच रात्रपाळीची बस काढायला पळाले. तरी सोमवारी चाकणच्या वाटेवर शेवट रंगलाच. "मग ती बाई गात गात घर सोडती!"

"काका, फेकताय राव!" मागून कुणीतरी ओरडलं. सगळी बस हसली.

काकांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. "मॅडम व्हत्या की तिथं. सांगा, सोडलं का न्हाई घर?"

खरं तर शेवटी तिचं लग्न लागलं होतं. मी बसमध्ये कधी बोलत नाही.

"सोडलं," मी म्हणाले.

उतरताना काका कुजबुजले, "खरं काय झालं वो?"

खरा शेवट अगदीच मिळमिळीत होता. मी त्यांना माझा सांगितला.